मिग-२१ च्या मॉडेलवर रंग खरखरीत बसलाय, डेकलखाली चंदेरी दिसतंय, आता काय करू?

खानापूररोडकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तरच लिहायलोय, अर्धवट सांगितलो तर तुम्ही परत तेच विचारणार.

मी मिग-२१ बिस ह्या लढाऊ विमानाचं १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लॅस्टिकचं मॉडेल करायलोय. किट तीन वर्षं कपाटावर पडून होतं. आमचे बाबा हवाईदलात होते, भरती झाल्यावर पहिलं ट्रेनिंग इथंच बेळगावजवळ सांबऱ्याला, मग देशभर बदल्या आणि शेवटची बरीच वर्षं मिगच्या एअरफ्रेमवरच, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावरच काम. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिले ते टीव्हीवर लागलेलं, बाबा ताट तसंच ठेवून बघत बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्रीच मी किट खाली काढलो. डिसेंबरात त्यांची पंच्याहत्तरी हाय, त्या दिवशी त्यांच्या हातात द्यायचं म्हणून ठरवलोय.

जोडणी बरी झाली. कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग ब्रशनं दिलो, तोपण ठीक आला. घोळ झाला तो बाहेरच्या रंगात. माझ्याकडं एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारायची बारीक गन, नाही, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचे डबे आणलो, आधी ग्रे, मग तपकिरी, मग टेप लावून हिरवा. हे सगळं एकाच शनिवार-रविवारात गॅलरीत उभारून मारलो, आणि बाहेर परतीचा पाऊस चालूच होता. आता झालंय असं की पंखावर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागतंय, आणि पाठीवर हिरव्यात पांढरट धुकं आल्यासारखं दिसतंय, पुसलं तरी जात नाही. टेपच्या कडेतून हिरवा आत घुसलाय ते वेगळंच, आणि टेप काढताना उजव्या पंखाच्या मुळाशी नखाएवढा पोपडा निघून खालचं प्लॅस्टिक उघडं पडलंय.

तरीपण दोन डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, लावून बघितलो, शेपटीवरचा तिरंगी पट्टा आणि डाव्या पंखावरचं चक्र. ओले होते तोवर छान दिसत होते, वाळल्यावर तिरपं धरलं की पारदर्शक कडेच्या खाली चांदीसारखे ठिपके चमकायलेत. भारतीय खुणांची शीट वेगळी मागवलेली हाय, त्यात चक्रं जास्तीची आहेत पण शेपटीचे पट्टे दोनच, एका बाजूचा एक. म्हणून हात थांबवलो.

आता सगळा रंग काढून टाकू, की ह्याच्यावरच काहीतरी करता येईल? रंग काढायला थिनर चालेल काय? आणि एअरब्रश घेतल्याशिवाय हे होणारच नाही असं असेल तर तसंपण स्पष्ट सांगा, घेतो. डिसेंबरपर्यंत वेळ हाय.

हिंडलगा_हँगर

थिनर लावू नका!! आधी हे वाचा मग बाकीचं. हार्डवेअरमध्ये मिळतंय ते एनसी थिनर पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला खातंय, पाच मिनिटांत पॅनल लाईन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेघा जातील आणि पंख चिकट होऊन बसेल. मी एकदा शेपूट तसं घालवलोय.

दुसरं, रंगाच्या आधी भाग साबणाच्या पाण्यानं धुतलेलात काय? साच्यातनं सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहतोय त्याच्यावर, आणि वर आपल्या बोटांचं तेल. पोपडा निघाला ते बहुतेक त्यानंच. भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश, बास.

अनगोळ_मूर्तीवाला

खानापूररोडकर, वाईट वाटून घेऊ नकोस, विमान वाचतंय. मी गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्यांतला, जून ते गणपतीपर्यंत माझा सगळा दिवस गन हातात धरून जातोय आणि तेबी ऐन पावसात, त्यामुळं तुझं जे झालंय ते मी दरवर्षी कुणाच्या तरी मूर्तीवर बघतोय. मॉडेल करायला लागून मला आठ वर्षं झाली.

तुझे दोन दोष आहेत आणि दोन्हींचं कारण वेगळं हाय, ते आधी समजून घे.

खरखर म्हणजे रंग वाटेतच वाळतोय. तू डबा लांब धरलास, थेंब हवेतनं जाताना अर्धे सुकले, पंखावर पडले ते ओले न्हवतेच, धूळ पडावी तसे पडले. ओला थेंब पडला की शेजारच्या थेंबात मिसळून सपाट होतोय, सुका पडला की जिथं पडला तिथंच उभा राहतोय. त्यात डबा गार असला की आतला दाब कमी होतोय आणि थेंब मोठे पडतात. म्हणून डबा मारायच्या आधी पाच-सात मिनिटं कोमट पाण्यात उभा करून ठेवायचा, आंघोळीला चालेल एवढंच कोमट, त्याच्या वर नाही आणि गॅसवर तर कधीच नाही. अंतर एक वीत. पंखाच्या बाहेर सुरू करायचं, पंखावरनं एका चालीत जायचं, बाहेर जाऊन बोट सोडायचं. पंखावर बोट दाबलंस की तिथं ओघळ आलाच म्हणून समज.

पांढरं धुकं म्हणजे पाऊस. तुझ्या डब्यातल्या लॅकर रंगातलं सॉल्व्हंट लई भराभर उडतंय, उडताना पृष्ठभाग गार करून जातंय, आणि हवेत ओल असली की गार जागेवर दव धरल्यासारखं पाणी बसतंय. ते पाणी रंगाच्या थरात अडकलं की पांढरट दिसतंय. तू पुसायलास तरी जाईना कारण ते वर नाहीच, आत हाय. ह्याला इलाज म्हणजे कोरड्या दिवशी त्याच रंगाचा एक पातळ ओला हात. वरचा थर थोडा परत विरघळतोय, अडकलेलं पाणी निघून जातंय आणि धुकं बरंचसं उतरतंय. तुझ्या पाठीला एवढं पुरेल असं वाटतंय.

पंखाला मात्र घासावं लागेल. रंग काढू नकोस, लॅकर उतरवायला जे चालतंय त्यातलं बरंचसं प्लॅस्टिकला पण त्रास देतंय. त्याच्यापेक्षा एक आठवडा हात लावू नकोस, पूर्ण वाळू दे. वाळलाय का ते नाकानं बघायचं, विमान जवळ धरून वास आला तर वाळलेला नाही. मग वॉटर पेपर, १००० नंबर, पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि बोटानं दाबून नाही तर जुन्या खोडरबरावर गुंडाळून हलक्या हातानं. खरखर गेली की १५०० फिरव. पॅनल लाईनमध्ये भुकटी बसती, ती टूथब्रशनं काढ, नाहीतर पुढचा हात मारला की रेघच बुजून जातीय. जिथं पोपडा निघालाय तिथं कड पायरीसारखी हाय, ती घासून उतरती कर, मग त्या जागेला अस्तर, म्हणजे प्रायमर मार.

अस्तराचं तू कुठंच लिहिलेलं नाहीस म्हणून विचारतोय, दिलेलास काय? प्लॅस्टिकवर रंग थेट पक्का बसत नाही, नुसता वरवर चिकटून राहतोय. मिस्टर सरफेसर १००० किंवा १५०० मिळालं तर चांगलं. अस्तराचा अजून एक फायदा म्हणजे एकरंगी ग्रे झाल्यावर सांध्यातली फट, जादा गोंद, ओरखडा सगळं दिसून येतंय, रंगाखाली गेल्यावर दिसून काय उपयोग.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोन दिवसांत तीन रंग मारलास. आमच्याकडं पावसात मूर्तीला एक हात दिला की हॅलोजन लावून वाळवतोय तरी दुसऱ्या हाताला सकाळ उजाडते. तू एक पुठ्ठ्याचा खोका घे, वरून ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब सोड, एलईडी नको त्याला ऊब नसते, बाजूला दोन भोकं पाड, आणि विमान बल्बपासून लांब खाली ठेव. आत हात घातला तर कोमट लागलं पाहिजे, गरम नाही, नाहीतर पंख वाकतोय. धूळपण बसत नाही त्यात.

आकडा सांगतो म्हणजे थर किती पातळ पाहिजे ते कळंल. खऱ्या मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, तुझ्या मॉडेलचे १० सेंटीमीटरला थोडे कमी. तुझ्या रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर खऱ्या विमानाच्या मापानं तो ७ मिलिमीटरचा गिलावा झाला. तू तीन रंग आणि प्रत्येकाचे दोन-तीन हात दिलेलास.

मारताना वाफेचा मास्क लाव, कापडी न्हवे, आणि गॅलरीच्या दाराआत समई-निरांजन पेटलेलं असलं तर आधी ते शांत होऊ दे.

खानापूररोडकर

अण्णा, लई उपकार झाले. हिंडलगा_हँगर तुमचेपण, थिनरची बाटली खरंच आणून ठेवलेली, परत देऊन आलो.

उत्तरं देतो. भाग धुतलेलो नाही. अस्तर दिलेलो नाही, ग्रे रंग म्हणजेच अस्तर असं समजून चाललो. डबा हातभर लांब धरलेलो, ओघळ येऊ नये म्हणून. आता वाचून कळालं की ओघळाच्या भीतीनंच खरखर आली.

डेकलचं कुणी सांगाल काय? शेपटीच्या पट्ट्याचीच जास्त काळजी वाटायली, कारण बाबा आधी तेच बघणार.

शहापूर_४८

डेकलचं मी सांगते. मी १/४८ च करते, डोळ्यांना सोपं पडतं म्हणून, पण रीत तीच आहे.

तुला जे चांदीसारखं दिसतंय ती हवा आहे. डेकल खराब नाही, शीट खराब नाही. मॅट रंग म्हणजे सूक्ष्म खडबडीत जमीन, आणि तुझी तर हातालाही लागेल एवढी खडबडीत. त्या उंचवट्यांवर डेकलची फिल्म तंबूसारखी ताणून बसते, खाली खळग्यांत हवा राहते आणि उजेड त्या हवेवरून परततो. म्हणून ओलं असताना छान दिसलं, तेव्हा खळग्यांत पाणी होतं. पाणी वाळलं, हवा शिरली.

म्हणजे डेकल चांगलं बसवायचं काम डेकलच्या आधी होतं. रंग पूर्ण वाळल्यावर क्लिअर ग्लॉसचे, म्हणजे चकचकीत पारदर्शक वार्निशचे, दोन पातळ हात द्यायचे, सगळ्या विमानाला, आणि विमान खेळण्यातल्यासारखं चकाकायला लागलं की घाबरायचं नाही, शेवटी मॅट मारून ते घालवायचंच आहे. नवीन लोक इथंच कच खातात. लढाऊ विमान मॅट असतं, मग ग्लॉस कशाला, असं वाटतं आणि ही पायरी गाळतात. मीही पहिली दोन विमानं अशीच घालवली आहेत, त्यातलं एक अजून समोर ठेवलंय.

ग्लॉस दिल्यावर किमान दोन दिवस थांब, पाऊस असेल तर चार. मग डेकल कापून कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, बाहेर काढून टिश्यूवर ठेव आणि ते कागदावर आपोआप सरकेपर्यंत वाट बघ, नखानं ढकलू नको. जागेवर मायक्रो सेट, म्हणजे डेकल बसवायच्या द्रावाचा थेंब, त्यावर डेकल सरकव, जागा नीट कर, मग टिश्यूनं मधून बाहेर दाबत पाणी टिपून घे. सेट निळ्या लेबलचं, ते आधी. मायक्रो सोल, म्हणजे डेकल मऊ करणारं, लाल लेबलचं, ते नंतर. सोल लावल्यावर डेकलला सुरकुत्या पडतील, अगदी बिघडलं असं वाटेल. त्या वेळी हात मागे घे. ते मऊ होऊन पॅनल लाईनमध्ये उतरत असतं, बोट लावलंस तर फाटेल. तासाभरात सपाट होतं.

आता तुझी लावलेली दोन. डाव्या पंखावरचं चक्र जाऊ दे, पंख घासायचाच आहे आणि जास्तीची चक्रं आहेत म्हणतोस. साध्या चिकटपट्टीनं दाबून ओढलंस की निघून येईल, उरलेलं वॉटर पेपरनं. शेपटीवर रंग कसा आहे? तिथं खरखर कमी असेल तर पट्टा ठेव. बारीक सुईनं चंदेरी जागांवर टोचे मार आणि ब्रशनं सोल सोड, ते टोच्यांतून आत जातं. वाळू दे, परत टोच, परत सोड. तीन-चार वेळा केलं की बरंच जातं.

आणि नाहीच गेलं तर पट्टा रंगव! शेपटीचा पट्टा म्हणजे तीन उभे आयत, टेपनं आखून रंगवायला ह्याहून सोपी खूण नाही. आधी सगळ्या आयताला पांढरा, मग पांढरा भाग झाकून केशरी, मग हिरवा, फिकट आधी आणि गडद नंतर. कुठला रंग पुढच्या बाजूला येतो ते खऱ्या विमानाच्या फोटोत बघ, अंदाजानं करू नको. आणि रंगवण्याचा एक फायदाच आहे, डेकलमधला पांढरा बऱ्याचदा पातळ असतो आणि गडद हिरव्यावर लावला की खालचा रंग डोकावतो. रंगवलेला पांढरा भक्कम दिसतो.

टेपच्या कडेतून हिरवा घुसला म्हणालास, त्यालाही युक्ती आहे. टेप लावलीस की कड लाकडी टूथपिकनं दाबून घे, मग हिरवा मारायच्या आधी खालचाच रंग, म्हणजे तुझा तपकिरी, त्या कडेवरून हलका मार. काही घुसायचंच असेल तर तपकिरी घुसेल आणि फट बुजेल. मग हिरवा. आणि रंग पूर्ण कडक व्हायच्या आत टेप काढ, मागे दुमडून, सावकाश. बँक-ऑफिसमधली चिकटपट्टी नको, तिचा गोंद जोरकस असतो, पोपडा त्यानंही निघतो. मॉडेलची मास्किंग टेप मिळाली नाही तर साधी पिवळी मास्किंग टेप आधी काचेवर दोन-तीन वेळा चिकटवून तिचा जोर कमी करून घे.

कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, अजून चिकटवली नसशील तर सुपरग्लू लावू नको हं, त्याच्या वाफेनं काच आतून धुरकट होते. फेविकॉल लाव, वाळला की पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या कापडानं निघतो.

निपाणी_ब्रश

सगळ्यांचं वाचलो, सगळं बरोबरच हाय, फक्त एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून मी मधी पडतोय. भावा, तुला एअरब्रश घ्यायची गरज नाही आणि डबाच पाहिजे असंबी नाही. तू कॉकपिट ब्रशनं केलास आणि ते बरं झालं असं स्वतःच लिहिलायस. मग बाहेरचं कॅमोफ्लाज ब्रशनं का करत नाहीस? मी चौदा वर्षं ब्रशवर हाय, माझ्याकडं एकपण एअरब्रशचं विमान नाही आणि पावसाळ्यात माझं काम अडत नाही, कारण पाण्याच्या अॅक्रिलिकला ते पांढरं धुकं येतच नाही.

अट एवढीच की दर वेळी रंग दुधासारखा पातळ पाहिजे. पहिला हात मारला की खालचं अस्तर दिसायलंय, डाग डाग दिसायलंय, पोरगं रडंल असं दिसतंय. तिथंच सोडायचं. वाळू द्यायचं. दुसरा हात पहिल्याला आडवा, तिसरा परत उभा. चौथ्या हाताला रंग एकसारखा होतोय आणि ब्रशच्या रेघा एकमेकींना कापून नाहीशा होतात. लोक चुकतात ते पहिल्या हातातच झाकायला बघतात, जाड लावतात, आणि अर्धवट वाळलेल्या जागेवरनं परत ब्रश नेतात. एकदा गेलास त्या जागेवरनं तर मागं बघायचं नाही.

ब्रश चपटा, सिंथेटिक, अर्धा इंच तरी रुंद. बारीक ब्रशनं मोठा पंख रंगवायला जाऊ नकोस, रेघाच रेघा येतात. रंग व्हालेहोसारखा पाण्याचा घे, तो ब्रशला लई चांगला. तामियाचा अॅक्रिलिक एअरब्रशला उत्तम पण ब्रशनं दुसरा हात देताना खालचा थर विरघळवून उचलतोय, त्यात वाळणं लांबवणारं रिटार्डर घालावं लागतंय. आणि दोन्ही घेतलास तर एक ध्यानात ठेव, व्हालेहोमध्ये तामियाचं थिनर घालू नकोस, त्यात अल्कोहोल असतंय, रंगाचा चिकट गोळा होतोय.

डब्याच्या वाळलेल्या लॅकरवर पाण्याचा अॅक्रिलिक खुशाल मारता येतोय, उलटं मात्र करायचं नाही, अॅक्रिलिकवर तेज लॅकर मारलं की खालचं सुरकुततंय.

आणि कॅमोफ्लाजच्या कडेचं सांगतो, ती धूसर पाहिजे म्हणून लोक एअरब्रश घेतात. हिशोब कर की, खऱ्या विमानावर दोन रंगांच्या मधली धूसर पट्टी एक इंचाची असली तर १/७२ मध्ये ती ०.३५ मिलिमीटर झाली. हातभर लांबून ती सरळ रेघच दिसणार. तेव्हा टेपपण लावू नकोस, पेन्सिलनं हलकी हद्द आख आणि हातानं रंगव.

रंगाच्या नंबराच्या मागंबी लई लागू नकोस. आपल्या मिगचे हिरवे-तपकिरी एकाचे दुसऱ्याशी जुळायचे नाहीत, उन्हानं उतरलेले, मधेच ठिगळ मारलेले. घरात एअरफ्रेमचा माणूस बसलाय तुझ्या. एक जुना पुठ्ठा घे, त्यावर चार हिरवे, चार तपकिरी लावून ठेव आणि कशाला ते न सांगता विचार, ह्यातला कुठला आठवतोय म्हणून.

शहापूर_४८

निपाणीकरांचं हे शेवटचं फार आवडलं. ते नक्की कर.

मी एकच जोडते. डेकल झाल्यावर परत एक हलका ग्लॉस दे आणि मग वॉश. चित्रकलेच्या दुकानातली तैलरंगाची ट्यूब, काळा आणि बर्न्ट अंबर मिसळून, टर्पेंटाईनमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ. पॅनल लाईनला ब्रशचं टोक टेकवलंस की तो रेघेतून आपोआप धावतो. अर्ध्या तासानं कापडानं पुसायचं, आणि पुसायचं ते नाकाकडून शेपटीकडे, वारा जातो त्या दिशेनं, म्हणजे जे थोडं राहील ते तेलाच्या ओघळासारखं खरं दिसतं. पोटाकडे जरा जास्त ठेव. मग मॅट, तोही कोरड्या दिवशीच.

अनगोळ_मूर्तीवाला

ब्रशवाल्या पाहुण्यांना माझा नमस्कार. गन हातात असून सांगतो, मूर्तीचे डोळे आम्हीपण ब्रशनंच आखतोय, गननं कुणी आखत नाही. खानापूररोडकर, तू ब्रशनंच कर. पंख घासणं आणि अस्तर मात्र चुकवू नकोस.

खानापूररोडकर

मंडळी, झालं विमान. डिसेंबर उजाडला म्हणून सविस्तर कळवतोय.

आठवडाभर हात लावलो नाही, वास गेल्यावर घासायला बसलो. एका पंखाला दोन संध्याकाळ लागल्या. १००० नंबर फिरवल्यावर पाणी हिरवं, मग तपकिरी, मग ग्रे होत गेलं, तेव्हा किती जाड थापलेलो ते डोळ्यांनी बघितलो. खोका केलो, जुना तारेचा बल्ब शोधायलाच तीन दुकानं फिरावी लागली, शेवटी गणपत गल्लीत मिळाला. अस्तर दिल्यावर पोटाच्या सांध्यात एक फट दिसली जी आधी कुणाला दिसली नव्हती, तीपण पुट्टीनं भरून घेतलो.

पुठ्ठा केलो. बाबांना काही न सांगता समोर धरलो. त्यांनी चष्मा लावून उजेडाकडं नेऊन बघितलं आणि दुसऱ्या हिरव्यावर बोट ठेवून म्हणाले, हा, पण ह्यात थोडी धूळ घाल. धूळ म्हणजे काय ते मला कळायला वेळ लागला. त्या हिरव्यात थोडा फिकट ग्रे मिसळलो आणि परत दाखवलो तर नुसती मान हलवले. तो रंग वापरलोय.

ब्रशनं पाच हात लागले, चार नाही. दुसऱ्या हातानंतर खरंच सोडून द्यावंसं वाटलेलं, निपाणीकरांचं वाक्य परत उघडून वाचलो आणि झोपायला गेलो. डेकल ग्लॉसवर असे बसलेत की कड शोधावी लागतीय. सोल लावल्यावर सुरकुत्या पडल्या तेव्हा अक्कांनी सांगितलेलं म्हणून दोन्ही हात मागं बांधून उभारलो. शेपटीचा पट्टा सुई आणि सोलनं सत्तर टक्के सुधारला, पण उजेडात कळत होता, म्हणून टेपनं काढून दोन्ही बाजूंना रंगवलो. पांढरा खरंच भक्कम दिसतोय.

काल दिलो. बाबांनी वरून बघितलंच नाही आधी, सरळ उलटं केले आणि पोट बघितले, चाकांच्या खोबणी बघितले, तेलाचे ओघळ कुठल्या बाजूला गेलेत ते बोटानं लावत गेले. मग टेबलावर ठेवले आणि नाकावरच्या त्या लांब पिटोकडं, म्हणजे वेग मोजायच्या नळीकडं बघत म्हणाले, जमिनीवर उभं हाय ना विमान, मग पिटोचं लाल कव्हर कुठाय?

आज सकाळपासून तेच करायलोय. टिश्यूच्या कागदाला पातळ फेविकॉल लावून सुईवर गुंडाळलोय, वाळलं की लाल देणार. खाली लोंबणारी ती लाल फीत १/७२ ला कशाची करावी, कुणी केलंय काय?